झिजलेल्या चाकाची साक्ष
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आम्ही पडलो शाळामास्तर, विद्या मॅट्रिकपर्यंतची. तेव्हा आम्ही यंत्रांविषयी बोलावे, हे कोणास धाडसाचे वाटेल. परंतु ज्यांना आम्ही त्रैराशिक शिकविले, ती आपली मुले आज भोसरी, चाकण, अंबड येथील कारखान्यांत क्रेनवर आणि क्रेनखाली काम करीत आहेत. त्यांच्या डोक्यावरून टनावारी लोखंड फिरते. त्यांच्याकडून जे ऐकले व जे वाचले, ते आपणांपुढे ठेवतो.

कारखान्याच्या दोन्ही बाजूंस उंच गर्डरांवर रूळ असतात व त्यांवरून क्रेनचा पूल चाकांवर चालतो. चाकाला बहुधा दोन्ही अंगांस उभ्या कडा असतात. कारागीर त्यांस फ्लँज म्हणतात. भार चाकाच्या सपाट पाठीने वाहावा आणि कडेने केवळ राखण करावी, हा नियम. राखणदारच अष्टौप्रहर रुळाशी झुंजू लागला, की कोठेतरी वाकडे आहे असे समजावे.

याची चिन्हे स्पष्ट असतात. रुळाची बाजू घासून चकाकते, खाली लोखंडाचा चुरा व पापुद्रे पडतात, क्रेन किंचाळते, चाकाची कड पातळ होत जाते. अखेरीस चाक रुळावर चढू पाहते. मग खालच्या माणसाच्या जिवाची शाश्वती राहत नाही.

दोष कोठे आहे, हे झिजेची जागाच सांगते. घासण ठराविक ठिकाणीच होत असेल, तर रुळाकडे पाहावे. एकाच चाकाची कड वाटभर घासत असेल, तर ते चाक तिरके बसले असण्याचा संभव अधिक. दोन्ही बाजूंच्या चाकांच्या आतील कडा घासत असतील, तर तेथे रूळ एकमेकांजवळ सरकले आहेत. बाहेरील कडा घासत असतील, तर ते फाकले आहेत. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यास ठोका पडत असेल, तर चाक घसरून एके जागी चपटे झाले असावे.

थोडे गणितही पाहू. एकाच दांड्याने फिरणाऱ्या दोन चाकांपैकी एकाचा व्यास ५०० मिलिमीटर व दुसऱ्याचा ५०१ आहे. मोठे चाक दर फेऱ्यास सुमारे ३.१४ मिलिमीटर पुढे जाईल. ६० मीटरांच्या वाटेत सुमारे ३८ फेरे होतात. म्हणजे अंतर पडले जवळजवळ १२ सेंटिमीटर! क्रेन तितकी तिरपी होऊ पाहते आणि तिला आवरण्याचा भार बिचाऱ्या कडेवर येतो.

बैलगाडी करकरली की आसाला वंगण घालावे, ही आपली जुनी रीत. येथे मात्र ती घातक आहे. रुळावर तेल ओतले तर चाके घसरतात व ब्रेक लावूनही क्रेन वेळेवर थांबत नाही. तसेच रूळ वाकडा ठेवून नुसते चाक बदलले, तर नवे चाकही जुन्याच वाटेने जाते. ताप उतरविला, रोग राहिला!

१९४८ च्या कारखाना कायद्याने अशा यंत्रांची १२ महिन्यांतून निदान एकदा कसून तपासणी सक्तीची केली. परंतु चाक तपासनीसाच्या तारखेची वाट पाहून झिजत नाही. म्हणून तरुणांना आमचे सांगणे, की तारीख, चाक, जागा आणि आतली की बाहेरची कड, हे वहीत टिपून वरिष्ठांस लेखी कळवावे. वीज बंद झाल्यावाचून व परवानगीवाचून वर चढू नये. ज्ञातीतील जे बांधव फोरमन वा कारखानदार आहेत, त्यांनी अशा सांगणाऱ्यास कामचुकार म्हणू नये. एक दिवस क्रेन थांबली तर नुकसान भरून निघते. घरातला कर्ता गेला तर ते कशाने भरावे?

आणि मातांनो, भगिनींनो, रात्री जेवताना मुलगा म्हणाला, “आज क्रेन फार ओरडत होती,” तर त्यास एवढेच विचारावे, “बाळ, साहेबांना सांगितलेस का?”