कढईत उरलेले तेल



आज मी एका अगदी घरगुती वस्तूबद्दल बोलणार आहे. रमजानमध्ये रोज संध्याकाळी आपल्याकडे भजी-समोसे तळले जातात. ईद येईतो शेगडीशेजारच्या डब्यात काळपट तेल साठलेले असते. त्याचे तुम्ही काय करता? माझी आई ते पुन्हा भाजीला वापरीत असे. मी तिला दोष देत नाही. तेलाचा भाव तिला ठाऊक होता.

परंतु तेच तेल वारंवार तापविले की त्यात अपायकारक घटक वाढतात. त्यांना ध्रुवीय संयुगे म्हणतात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांवर गेले की ते तेल खाण्यासाठी वापरू नये, असा भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. नियम चांगलाच आहे. पण मोठ्या कढईतले तेल स्वस्तात विकले जाते आणि कुठल्या तरी गाडीवरच्या लहान कढईत पुन्हा उकळते, हे मला टोचते. तिथले वडे खाणारी मुले आपलीच असतात.

मग हे तेल जावे कोठे? डिझेलमध्ये! हसू नका. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात डिझेलचे एंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखविले होते. मात्र खाद्यतेल डिझेलपेक्षा सुमारे दसपट घट्ट असते. ते तसेच ओतले तर एंजिनात काजळी नि चिकटा धरतो.

मी बी.ए. झालेला माणूस, पुढचे रसायनशास्त्र मला आमच्या विज्ञान-शिक्षकांनी समजावले. तेल गाळून, त्यातले पाणी काढून, मिथेनॉल व थोडा कॉस्टिक सोडा घालतात आणि सुमारे ६० अंश उष्णतेवर तासभर ढवळतात. मग स्थिर ठेवले की जड ग्लिसरीन तळाशी बसते, वर बायोडिझेल राहते. १०० किलो तेलाला ११ किलोच्या आसपास मिथेनॉल लागते, आणि जवळजवळ तेलाइतकेच बायोडिझेल मिळते. तेलात पाणी राहिले तर साबण होतो नि सगळा डाव फसतो. मुलांनो, हा प्रयोग घरी मुळीच करू नका. मिथेनॉल विषारी आहे. त्याने दृष्टी जाते, प्राणही जातो.

२०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत डिझेलमध्ये ५ टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवले. इतक्या मिश्रणासाठी एंजिनात फेरफार करावा लागत नाही. खरी अडचण तेल गोळा करण्याची आहे. कारखाना उभा राहील, पण घराघरातले वाटीभर तेल कोण आणणार?

तेव्हा ते मोरीत ओतू नका, नळ्या तुंबतात. थंड झाल्यावर गाळून कोरड्या डब्यात झाकून ठेवा. गाडीचे काळे ऑइल त्यात मिसळू नका. कोणी विकत मागितले, तर पुढे त्याचे काय करणार हे आधी विचारा. बायोडिझेलसाठी गोळा करणाऱ्या अधिकृत माणसालाच द्या. आणि मुलांनो, येत्या महिन्यात तुमच्या घरी किती तेल उरले ते बाटलीने मोजून वहीत लिहून आणा. वर्गात आपण त्याची बेरीज करू.