नजरी नकाशात डोंगर पण दाखवा



वनहक्काच्या दाव्यासाठी आपण पाड्यापाड्यांत नजरी नकाशे काढले. शेत, शीव, देव, पाणवठा दाखवला. आता त्याच कागदावर डोंगर कुठे खचतो ते पण दाखवायचं आहे.

सरकारी नकाशात डोंगरावर तपकिरी रेषा असतात. एका रेषेवरची सगळी जागा सारख्या उंचीची. रेषा लांब लांब, तर जमीन सपाट. रेषा एकमेकींना चिकटल्या, तर उभा चढ. अशा रेषा आपल्या घरांच्या वर असतील तर सावध व्हायचं.

३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाडलं गेलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गेली. दोन्हीकडे आदिवासी, वर उभा डोंगर, जुलैचा धो धो पाऊस. इर्शाळवाडी तर सरकारच्या धोक्याच्या यादीतच नव्हती. म्हणून यादीवर विसंबून झोपायचं नाही.

पूर्वी दरड कुठे आली, ते म्हाताऱ्यांना विचारा. जमिनीला भेग, कललेलं झाड, नवा फुटलेला झरा, एकाएकी गढूळ झालेलं पाणी, या जागी लाल खूण करा. खुणा जिथे दाटतील, तिथून जोराच्या पावसात आधीच बाहेर पडायचं.

काही जण म्हणतात, धोका दाखवला तर आपल्याला हाकलतील. म्हणून ग्रामसभेत ठराव लिहून घ्या: घर सुरक्षित जागी, आपल्याच शिवेत. घराची जागा बदलेल, जंगल-जमिनीवरचा हक्क सुटणार नाही.

जिंदाबाद!