भाजी कोणाकडून घ्यावी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही ओट्यावर बसून बोलता तसेच बोला, म्हणजे झाले." तेव्हा ओट्यावर आपण ज्याविषयी नेहमी बोलतो त्या भाजीबाजाराविषयीच चार शब्द सांगावे असे ठरविले. विषय लहान आहे खरा. पण बाजाराच्या दिवशी आपल्या हातून जो पैसा जातो, तो कोणाच्या पदरात पडतो याचा विचार आपण फारसा करीत नाही.

आपल्या शेगावच्या बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या बायका दोन प्रकारच्या असतात. एक, जी पहाटेच्या हर्राशीतून माल उचलते आणि दिवसभर विकते. दुसरी, जिने ती भाजी स्वतःच्या वावरात लावली, आदल्या संध्याकाळी सुनेला घेऊन खुडली, रात्री ओल्या फडक्याखाली झाकून ठेवली आणि सकाळी डोक्यावर गाठोडे घेऊन जलंब, माटरगाव, मनसगाव अशा गावांकडून ऑटोने आणली. आपण दोघींनाही 'भाजीवाली' म्हणतो आणि दोघींशी सारखीच घासाघीस करतो. येथेच आपले चुकते असे मला वाटते.

दोघी ओळखायच्या कशा, असे काही मैत्रिणी विचारतात. त्यात कठीण काही नाही. पिकविणारीच्या पुढे दोन किंवा तीनच जिन्नस असतात, आणि ते त्या त्या दिवसांतले असतात. श्रावणात तिच्याजवळ तरोटा, चिवळ, कटुर्ली सापडतील. मार्गशीर्षात हरभऱ्याची कोवळी भाजी, तुरीच्या शेंगा, हिरवा लसूण. फुलकोबी, शिमला मिरची आणि गाजर तिन्ही जिच्यापुढे रचून ठेवली असतील, तिने ती पिकविली नाहीत हे उघड आहे. पिकविणारीच्या जुड्या लहानमोठ्या असतात, मेथीच्या मुळ्यांना काळी माती असते, आणि पुष्कळदा जुडी रबराने न बांधता अंबाडीच्या वाकाने बांधलेली असते. तिच्याजवळ काटा नसतो. ती वाटे लावते. आणि सर्वांत खात्रीची खूण म्हणजे तिची बोटे पहावी. हरभरा खुडून बोटांची टोके काळवंडतात, ती साबणाने लवकर निघत नाहीत.

आता कोणी असे समजू नये की हर्राशीतून माल घेणारी बाई लबाड असते. तसे मुळीच नाही. त्यांच्यातही कितीतरी जणी एकटीच्या बळावर मुले वाढविणाऱ्या आहेत. पण दोघींच्या नफ्यातोट्यात फरक आहे, आणि तो संध्याकाळी कळतो.

आपल्याकडे पुष्कळ बायका दिवेलागणीला बाजारात जाणे हुशारीचे समजतात. "आता दहाला तीन जुड्या देतील पहा," असे म्हणून निघतात, आणि मिळतातही. कशा मिळतात? बटाटे, कांदे, वांगी ठेवली तर उद्याही विकतात. ज्याच्याजवळ दुकान आहे तो ठेवतो. पालेभाजी राहत नाही. शिवाय पिकविणारीला गावाकडचा शेवटचा ऑटो गाठायचा असतो. मेथीचा ढीग परत नेऊन ती काय करणार? बैलासुद्धा किती खातील? म्हणून आपण म्हणू तो भाव तिला घ्यावा लागतो. म्हणजे संध्याकाळच्या स्वस्ताईचा भार बहुतेक वेळा व्यापाऱ्यावर न पडता तिच्यावरच पडतो.

एकदा मी एका बाईजवळ बसून तिचा दिवसाचा हिशेब मांडला. तिने ४० जुड्या मेथी आणली होती. दुपारपर्यंत २२ जुड्या १० रुपयांप्रमाणे गेल्या, त्याचे २२० रुपये झाले. उरलेल्या १८ जुड्या संध्याकाळी दहाला तीन अशा गेल्या, त्याचे ६०. एकूण २८०. त्यातून येण्याजाण्याचे ६० वजा केले तर २२० राहिले. यात बी, पाणी, दोघींची खुडणी, आणि तिचा सबंध दिवस. तोच सर्व माल सकाळच्या भावाने गेला असता तर तिला ३४० मिळाले असते. हे १२० रुपये गेले कोठे? १८ जुड्या सहा घरी गेल्या, आणि प्रत्येक घराचे २० रुपये वाचले. वीस रुपयांत आपल्या घरी काय मोठी भर पडते ते तुम्हीच पहा. तिच्या घरी मात्र १२० रुपये म्हणजे एक दिवसाच्या मीठमिरचीची आणि पोरीच्या वह्यांची सोय होती.

येथे एक सांगितले पाहिजे. ज्यांना मजुरीचे पैसेच संध्याकाळी मिळतात, त्या संध्याकाळीच बाजारात येणार. त्यांच्याविषयी माझे काही म्हणणे नाही. मी बोलते आहे ते, ज्या सकाळी घरी असतात आणि केवळ भाव पडण्याची वाट पाहतात त्यांच्याविषयी.

माझा मुलगा वर्तमानपत्रातील बातम्या मला वाचून दाखवितो. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांचा २०२४ साली एक निबंध निघाला. त्यात लिहिले आहे की गिऱ्हाईक जो एक रुपया देते, त्यातले टोमॅटोच्या शेतकऱ्याला सुमारे ३३ पैसे, कांद्याच्या ३६ पैसे आणि बटाट्याच्या ३७ पैसे मिळतात. बाकीचे गाडीभाडे, हमाली, अडत, नासधूस आणि मधल्यांचा नफा यांत जातात. मला हे वाचून आपल्या बाजारातल्या त्या बाईची आठवण झाली. तिच्याकडून आपण भाजी घेतो तेव्हा ऑटोचे भाडे सोडले तर रुपयाचा रुपया तिच्याच कनवटीला जातो. इतका जवळचा सौदा मोठ्या शहरातल्या बायकांना मिळत नाही. तेथे सरकारला मुद्दाम तशी सोय करावी लागली. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने फळेभाज्या बाजार समितीबाहेर विकण्याची शेतकऱ्याला मोकळीक दिली, आणि त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावाने शेतकऱ्यांचे आठवडी बाजार सुरू केले. सावतोबांचे नाव या कामाला शोभते, यात शंका नाही. पण आपला आठवडी बाजार कोणी सुरू केलेला नाही, तो आपल्या आजेसासवांच्याही आधीपासून भरतो आहे.

वऱ्हाड तसा बाजाराच्या नियमांत मागे नव्हता. कापसासाठी कारंज्याला १८८६ मध्येच नियमांचा बाजार सुरू झाला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडातील कापूस व धान्याच्या बाजारांसाठी कायदा झाला. पण ते सारे कापूस आणि धान्यासाठी, म्हणजे पुरुषांच्या सौद्यासाठी. बाईच्या टोपलीतल्या अंबाडीचा विचार त्या वेळी कोणी केला नाही.

अंबाडीवरून आठवले. आपल्या गावाला गजानन महाराजांमुळे जे माहात्म्य आले आहे, त्याने भाजीचा बाजारही बदलतो. माघ वद्य सप्तमीला, म्हणजे महाराजांच्या प्रकटदिनाला, घरोघरी पिठले, भाकरी आणि अंबाडीच्या भाजीचा नैवेद्य असतो. पण अंबाडीचे खरे दिवस पावसाळ्यातले. माघात ती थोडी, आणि मागणारे हजार. मग जुडी दुप्पट भावाने जाते. माझ्या सासूबाई याला एकच उपाय करीत. भाद्रपदात अंबाडी स्वस्त असे तेव्हा ती निवडून सावलीत वाळवीत आणि डब्यात भरून ठेवीत. हरभऱ्याचा पालाही तसाच वाळवावा. मात्र तो धुऊ नये, धुतला की त्याचा आंबटपणा निघून जातो. हरभऱ्याचा कोवळा शेंडा फुले येण्याआधी खुडला म्हणजे झाडाला फांद्या जास्त फुटतात, असे जुनी माणसे सांगतात. म्हणजे भाजी विकून शेतकऱ्याचे नुकसान होत नाही, उलट पिकाला मदतच होते. ऋषिपंचमीला महाराजांची पुण्यतिथी असते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, म्हणून परसातल्या आणि रानातल्या भाज्यांना मान. एरवी तरोट्याकडे जी ढुंकून पाहत नाही ती बाईही त्या दिवशी रानभाजी मागत फिरते. ती रोजच्या जेवणात का येऊ नये?

काही भगिनी म्हणतील, "आम्हाला उन्हाळ्यात टोमॅटो, फुलकोबी हवी असते, ती या बायकांजवळ नसते." बरोबर आहे, नसते. त्याचे कारण आपल्या जमिनीत आहे. आपला भाग पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात येतो. विहिरीचे पाणी खारे, ते काळ्या जमिनीला दिले तर जमीन कडक होते आणि पीक धरत नाही. म्हणून आपल्याकडे पिकते ते बहुतेक पावसाच्या पाण्यावर आणि हिवाळ्यात जमिनीतल्या ओलीवर. हरभरा, करडी, तूर याच ओलीवर येतात. चैत्रात जी हिरवीगार भाजी दिसते ती बहुतेक लांबून आलेली असते. ती घेऊ नये असे मी म्हणत नाही. घरात मुले आहेत, पाहुणे आहेत. पण मार्गशीर्षात दारात सोले आणि करडीची भाजी असताना लांबची फुलकोबी शोधणे मला पटत नाही. करडीची कोवळी भाजी मुगाच्या डाळीत शिजवून वरून लसणाची फोडणी दिली, तर मुले भाकरी जास्त मागतात.

पैसे देण्याविषयी एक लहानशी गोष्ट. आता बाजारात फोनवरून पैसे देता येतात, आणि आपल्याला ते सोपे जाते. पण त्या बाईच्या पुढे ठेवलेला कागद बहुधा मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खात्याचा असतो. एकीने मला सांगितले, "पैसे पोराच्या मोबाइलात जातेत बाई. मांगले त म्हनते, कायले पायजे तुले?" तेव्हापासून मी सुट्टे पैसे रुमालात बांधून नेते. दहा-वीसच्या नोटा तिच्या हातात पडल्या म्हणजे त्या खर्च करणे तिच्या हाती राहते.

आता ज्या कामासाठी मी मुख्यतः उभी आहे त्याकडे येते. गेल्या वैशाखात मी एका बाईला म्हटले, "इतक्या उन्हात बसता, पाणी तरी प्या." ती म्हणाली, "पानी पेलं म्हनजे उठा लागते. उठलं त माल कोनाच्या भरोशावर ठेवू, आन् जाव कुठं?" भगिनींनो, या बायका सकाळी सातपासून दिवेलागणीपर्यंत पाणी न पिता बसतात. डोक्यावर छप्पर नाही, आणि बायकांसाठी जवळ कडी लागणारे स्वच्छतागृह नाही. जे आहे त्याचे दार निघालेले आहे. या विषयी पूर्वीही काहींनी सांगून पाहिले. होईल, पाहू, असे उत्तर मिळाले. पण हे मागणे म्हणजे कोणाकडे भीक मागणे नव्हे. रस्त्यावर विकणाऱ्यांसाठी २०१४ साली देशाचा कायदा झाला आहे. त्यात शहरासाठी एक समिती असावी, तिच्यात विक्रेत्यांचे प्रतिनिधी असावेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे स्पष्ट लिहिले आहे. त्या बायका गावाहून येतात, दिवसभर माल सोडू शकत नाहीत, अर्ज घेऊन कचेरीत कधी जाणार? आपण येथेच राहतो. आपण जाऊ शकतो.

आपल्या कार्यकारी मंडळाच्या बैठकीत यावर बोलणे झाले. दोघीतिघींचे म्हणणे पडले की आपले मंडळ भजन, हळदीकुंकू आणि शिवणवर्ग यांसाठी आहे, या भानगडीत कशाला पडावे? शेवटी ठरले ते असे, की अर्ज मंडळाच्या नावाने न करता सह्या करणाऱ्या बायकांच्या नावाने करावा. मला ते थोडे कमी वाटले, पण ठीक आहे. अर्जात तीनच गोष्टी मागितल्या आहेत: भाजी घेऊन बसणाऱ्या बायकांच्या जागेवर पत्र्याचे किंवा कापडाचे छप्पर, पिण्याचे पाणी, आणि बाजाराच्या दिवशी उघडे व स्वच्छ राहील असे, आतून कडी असलेले स्वच्छतागृह. माल सोडून जाताना शेजारणीने तो पाहावा, हे त्यांचे त्या आपसात ठरवतील. तशा बायका हुशार आहेत.

अर्ज तिकडे हळदीकुंकवाच्या ताटाजवळ ठेवला आहे. आतापर्यंत ३१ सह्या झाल्या. सोमवारी आम्ही चौघी तो घेऊन जाणार आहोत, सकाळी अकरा वाजता, आणखी कोणाला यायचे असल्यास चिटणीसबाईंना आजच सांगावे.