शाळेच्या भिंतीवरचा इतिहास



शाळेच्या भिंतीवर इतिहास रंगवायचा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उत्सवाचे चित्र उभे राहते. संस्थापक, पहिली इमारत, कोणी थोर पुरुष. सारे प्रसन्न, सारे निर्दोष. सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या एका सरकारी शाळेत मात्र या रिवाजाबाहेरचे घडले, आणि तिथल्या स्कूल बोर्डाला ते ऐंशी वर्षांनंतर निस्तरावे लागले.

शाळेचे नाव जॉर्ज वॉशिंग्टन हायस्कूल. मंदीच्या काळात बेकार कलावंतांना काम देणाऱ्या सरकारी योजनेतून व्हिक्टर अर्नाटॉफ यांनी १९३६ साली तिथे वॉशिंग्टनच्या जीवनावर १३ चित्रे काढली. अर्नाटॉफ जन्माने रशियन, आणि मेक्सिकोत दिएगो रिव्हेरांच्या हाताखाली काम केलेले. राष्ट्रपित्याचे चरित्र त्यांनी रंगवले खरे. पण त्यात वॉशिंग्टनच्या मळ्यावर राबणारे काळे गुलाम आले, आणि पश्चिमेकडे निघालेल्या गोऱ्यांच्या वाटेत एका अमेरिकन इंडियनाचे प्रेतही आले. क्रमिक पुस्तके ज्यावरून अलगद निघून जात, ते भिंतीवर उघडे पडले.

हे काम ओल्या चुन्यावरचे आहे. एका दिवसात जेवढे रंगवून होईल तेवढाच गिलावा लावायचा आणि तो ओला असताना पाण्यात कालवलेला रंग भरायचा. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन दगडासारखा घट्ट होतो, त्याबरोबर रंगही भिंतीत बसतो. (आपल्या अजिंठ्याची रीत निराळी, तिथे रंग सुक्या गिलाव्यावर चढवले आहेत.) असे चित्र तसबिरीसारखे उतरवून दुसऱ्या खोलीत नेता येत नाही. ते ठेवा, झाका, नाही तर मोडा!

पण चित्रकाराचा हेतू रोज त्या जिन्याने जाणाऱ्या मुलाला कोण सांगणार? १९६० नंतरच्या दशकात काळ्या विद्यार्थ्यांनी विचारले, आमचे पूर्वज या भिंतीवर फक्त गुलामच का? हा प्रश्न कलेच्या अज्ञानातून आला असे म्हणणे मला उद्धटपणाचे वाटते. सुदैवाने बोर्डाने त्या वेळी शहाणपणा दाखवला. ड्यूई क्रम्प्लर या तरुण काळ्या चित्रकाराकडून त्याच शाळेत उत्तरादाखल चित्रे करवून घेतली. १९७४ साली ती पुरी झाली. त्यांत काळे, मूळचे अमेरिकन, आशियाई आणि लॅटिन अमेरिकन लोक ताठ मानेने उभे आहेत.

एवढ्यावर भागले नाही. जून २०१९ मध्ये बोर्डाने जुनी चित्रे रंग फासून पुसण्याचा ठराव केला. देशभर ओरड झाली, तेव्हा ऑगस्टमध्ये ४ विरुद्ध ३ मतांनी ठरले की पुसू नयेत, फळ्यांनी झाकावीत. प्रकरण कोर्टात गेले; २०२१ साली निकाल बोर्डाविरुद्ध लागला, आणि २०२२ मध्ये झाकण्याचा ठरावही मागे घेण्यात आला.

या सगळ्यात मला विशेष वाटते ते क्रम्प्लर यांचे. जुन्या चित्रांना उत्तर देण्यासाठी ज्यांना बोलावले होते, तेच ती पुसण्याच्या विरोधात उभे राहिले. त्यांचे म्हणणे असे, की माझ्या चित्रांचा अर्थ अर्नाटॉफच्या चित्रांशी बांधलेला आहे. बरोबरच आहे. समोरचा प्रश्नच चुन्याखाली गेला, तर १९७४ चे ते उत्तर कोणाला दिलेले, हे पुढच्या मुलांना कसे कळावे?