बंडीला बॅटरी लागेल, पण बंडी कोणाची?

(मंडळाच्या जामबाग येथील सभेत एका सदस्य भगिनीने केलेल्या भाषणाचा मजकूर. – संपादक)



आज मला बोलायला सांगितले तेव्हा अनेकांना वाटले असेल की ही मसाल्याबद्दल बोलेल. आमच्या घरी गोडा मसाला, मेतकूट आणि दिवाळीचा फराळ करून विकण्याचा उद्योग सासूबाईंच्या काळापासून आहे, हे आपणांस ठाऊकच आहे. मी बोलणार आहे ते मात्र मसाल्याच्या पोत्याबद्दल. ते पोते बेगमबाजारातून जामबागेत येते कसे, आणि पुढच्या काळात येणार कसे?

आपली वस्ती कोठे आहे ते पाहा. एका बाजूला कोठी आणि सुलतानबाजार, दुसरीकडे बेगमबाजार, पलीकडे 1935 साली बांधलेले मोअज्जमजाही मार्केट. 1907 सालची विवेकवर्धिनी संस्था याच जामबागेत आहे. म्हणजे शाळा, घरे, दवाखाने आणि घाऊक बाजार असे सगळे एकमेकांना खेटून आहे. गल्ल्या मात्र निजामाच्या काळच्या. मोठ्या मालगाड्यांना दिवसा शहरात बंदी असते. मग शेवटचा मैल-दोन मैल माल वाहतो तो हातबंडीवाला, सायकल ट्रॉलीवाला, नाहीतर धूर सोडणारा ट्रॉली ऑटो.

आता या चित्रात बॅटरी आली आहे. हायटेक सिटीकडे 9 ऑगस्ट 2018 रोजी आयकियाचे भारतातले पहिले दुकान उघडले. तेथून घरपोच माल पाठवायला बॅटरीवरच्या तीनचाकी गाड्या तेव्हापासूनच वापरल्या जाऊ लागल्या. ॲमेझॉनने 2025 पर्यंत भारतात दहा हजार विजेच्या गाड्या आणण्याचे जाहीर केले आणि तो आकडा मुदतीच्या आधीच गाठला. फ्लिपकार्टने 2030 पर्यंत सगळी वाहतूक विजेवर नेण्याचा शब्द दिला आहे. हिरव्या पाटीच्या या गाड्या आता आपल्या कोठीच्या चौकातही रोज दिसतात.

हे वाईट आहे असे मी म्हणत नाही. उलट ते चांगलेच आहे. लंडनमध्ये 2021 साली एक अभ्यास झाला. शहराच्या मध्यभागात मोटारव्हॅन तासाला सुमारे सहा पार्सले पोचवते, तर बॅटरीची मालसायकल दहा, असे त्यात आढळले. कारण सोपे आहे. सायकल गल्लीत शिरते, दारापुढे थांबते आणि तिला जागा शोधत फिरावे लागत नाही. लंडनची गोष्ट जामबागेला तशीच्या तशी लागू होणार नाही. आपल्याकडे खड्डे आहेत, पावसाळ्यात गल्लीत पाणी साचते. पण अरुंद रस्ता आणि जवळचे अंतर या दोन्ही गोष्टी आपल्याकडे लंडनपेक्षा जास्तच आहेत.

खर्चाचा हिशेब घरच्या वहीसारखा मांडते. पेट्रोलची दुचाकी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर चालायला एक लिटर पेट्रोल पिते. तेवढ्याच अंतराला विजेच्या दुचाकीला साधारण दीड युनिट वीज पुरते. जामबाग ते काचीगुडा, बरकतपुरा, नारायणगुडा असे आमच्या फराळाचे डबे पोचवायचे तर याहून स्वस्त साधन नाही.

कायदाही समजून घ्यावा. ज्या सायकलच्या मोटारीची शक्ती पाव किलोवॅटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन 60 किलोच्या आत आहे, ती मोटारवाहन धरली जात नाही. तिला लायसन्स नको, नोंदणी नको. त्यावर दीड-दोन मणाचा माल आरामात जातो. त्याच्या वर ई-कार्ट. तिला नोंदणी व लायसन्स लागते, आणि 310 किलोपर्यंत माल नेता येतो. पन्नास किलोची सहा पोती! आमच्या महिन्याच्या धणे-मिरचीला एक खेप पुरते.

मग अडचण कोठे आहे? ती सांगण्यासाठीच मी उभी आहे.

आमची पोती गेली पंचवीस वर्षे एकच बंडीवाला आणतो. आम्ही त्याला मामू म्हणतो, तो मला अम्मा म्हणतो. जामबागेचा फुलबाजार गुडीमलकापूरला गेला तेव्हा त्याच्याबरोबरचे कितीतरी बंडीवाले या गल्लीतून दिसेनासे झाले. हा टिकला. आता त्याचे गुडघे दुखतात. बॅटरीची गाडी घ्यायचे त्याच्या मनात आले. फेरीवाल्यांना सरकार कर्ज देते असे कोणीतरी त्याला सांगितले, म्हणून तो कागद घेऊन एका कार्यालयात गेला. तेथे त्याला विचारले, तू काय विकतोस? तो मला येऊन म्हणाला, "अम्मा, मैं बेचता नै, पहुँचाता." विकत नाही म्हणून कर्ज नाही. कागद परत.

बंधु-भगिनींनो, हे एकच वाक्य माझ्या मनातून जात नाही. फेरीवाल्यांसाठी 2014 चा कायदा आहे, 2020 पासून पी.एम. स्वनिधी योजना आहे. ॲपवर काम करणाऱ्या मुलांसाठी 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. कंपन्यांनी उलाढालीचा एक ते दोन टक्के भाग त्यांच्या कल्याणासाठी द्यावा असे तीत म्हटले आहे. तो हातात केव्हा पडेल ते पडो, निदान कागदावर त्यांचे नाव आले. आणि मामू? तो विक्रेता नाही, कंपनीचा माणूस नाही, दुकानाचा नोकरही नाही. तो फक्त पोचवतो.

तेलंगण सरकारने 18 नोव्हेंबर 2024 पासून विजेच्या दुचाकी व मालवाहू तीनचाकी गाड्यांना रस्ताकर आणि नोंदणी शुल्क माफ केले. ही माफी 31 डिसेंबर 2026 पर्यंतची. निर्णय स्तुत्य आहे. पण करमाफी कोणाच्या उपयोगाची? ज्याच्याजवळ गाडी घ्यायला पैसे आहेत त्याच्या. शंभर गाड्या घेणाऱ्या कंपनीचे लाखो रुपये वाचतात. ज्याला पहिला हप्ताच भरता येत नाही त्याचे काय वाचले? उद्या याच गल्लीत मामूचा मुलगा दुसऱ्याची गाडी रोजाच्या भाड्याने चालवील. बंडी त्याच्या बापाच्या मालकीची होती, गाडी त्याची असणार नाही. धूर गेला याचा आपल्याला आनंद होईल, आणि काय गेले ते कळायला उशीर झालेला असेल.

म्हणून निवडणुकीच्या वेळी जो उमेदवार आपल्या दारी येईल, तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याच्यापुढे आपण तीन मागण्या ठेवाव्यात असे मी सुचवते.

पहिली मागणी, माल चढवण्या-उतरवण्याची जागा. बेगमबाजार, सुलतानबाजार आणि जामबाग या भागांत छोट्या मालगाड्यांसाठी आखून दिलेले थांबे हवेत. आज जागा नाही म्हणून बंडीवाला दंडही भरतो आणि शिव्याही खातो.

दुसरी, चार्जिंगची सुरक्षित सोय. 12 सप्टेंबर 2022 ची सिकंदराबादची आग आपण विसरलेलो नाही. खाली विजेच्या स्कूटरचे दुकान, वर लॉज. आठ माणसे गेली. त्यानंतर केंद्राने बॅटरीचे नियम कडक केले. पण आपली जुनी घरे, जुन्या तारा आणि एकच जिना पाहता, जिन्याखाली रात्रभर बॅटरी लावून झोपणे म्हणजे संकटाला आमंत्रण आहे. मोकळ्या जागेत, वेगळ्या मीटरवर, आग विझवण्याच्या साधनांसह चार्जिंगची जागा महापालिकेने द्यावी.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची मागणी, आज जे माल वाहतात त्यांची नोंद. हातबंडी आणि ट्रॉलीवाल्यांची यादी करावी, त्यांना ओळखपत्र द्यावे, आणि बॅटरीच्या गाडीसाठी कमी व्याजाचे कर्ज आधी त्यांना मिळावे. विकणाऱ्याला जे मिळते ते पोचवणाऱ्यालाही मिळावे, एवढेच मागणे आहे.

आता थोडे आपल्याविषयी. आपण म्हणतो, आम्ही चार-पाच पिढ्यांचे हैदराबादी. मग नुसते निवेदन देऊन भागणार नाही. आपल्यापैकी कित्येकांच्या वाड्यांपुढे मोकळे अंगण आहे. नीट वायरिंग करून दोन गाड्यांची जागा रास्त भाड्याने देता येईल. मंडळाने हमी घेतली तर एखाद्या सहकारी पतसंस्थेशी बोलता येईल. आणि ज्यांची दुकाने आहेत त्यांनी ओळखीच्या बंडीवाल्याला वर्षाच्या कामाची चिठ्ठी लिहून द्यावी. ती दाखवली तर कर्ज देणारा निदान त्याचे ऐकून घेईल. मी मामूला चिठ्ठी लिहून दिली आहे. अजून चार दुकानांच्या चिठ्ठ्या मिळाल्या तर तो पुन्हा अर्ज करणार आहे.

सभा संपल्यावर मी दाराशी वही घेऊन बसणार आहे. ज्यांना अशी चिठ्ठी द्यायची असेल त्यांनी नाव लिहूनच घरी जावे, ही नम्र विनंती.