गाडीवरची तब्येत
(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील संधी’ हा विषय दिला होता. त्यावर बोलले असते तरी तुम्ही ऐकून घेतलं असतं, कारण जेवण भाषणांनंतर आहे. पण आपल्या वर्गातून इंजिनिअर निघाले तीन आणि ट्रक चालवणारे निघाले सात. मी मोजले. म्हणून आज गाडीवरच्या माणसाच्या तब्येतीबद्दल बोलते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीत आळेफाट्याला चहाच्या टपरीवर आपल्या वर्गातला एक जण भेटला. गोष्ट सांगायची त्याची परवानगी आहे, नाव सांगायची नाही. नारायणगावच्या मार्केटला टोमॅटो भरायचे आणि इंदूर, आग्रा, दिल्ली गाठायची, हे त्याचं काम. टोमॅटो नसेल तेव्हा मंचरहून कांदा-बटाटा. आधी मला ‘मॅडम’ म्हणाला. मी म्हटलं, “गणिताची वही मागायचास तेव्हा मी मॅडम नव्हते.” मग ‘ताई’वर आला आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. “यात काय लिहिलंय बघ बरं.” तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा रिपोर्ट होता, ९.२. माझा पंधरा दिवसांपूर्वीच आला होता, ६.३, म्हणजे अगदी उंबरठ्यावर. तो म्हणाला, “तूही बसून, मीही बसून. तुझी खुर्ची हलत नाही एवढंच.”

हे त्याने सहज म्हटलं, पण १९५३ साली लंडनच्या जेरी मॉरिस या डॉक्टरांनी हेच दाखवून दिलं होतं. दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची त्यांनी तुलना केली. दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त. बस तीच, रस्ता तोच.

आपल्या वडिलांच्या पिढीतले ड्रायव्हर आठवा. त्यांचे दंड कसे असायचे! स्टेअरिंग फिरवायलाच ताकद लागायची. पॉवर स्टेअरिंग आलं आणि तो व्यायाम गेला. २०२५ पासून नव्या मोठ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली आहे. फार चांगलं झालं, मे महिन्यात इंजिनाशेजारी बसून पाहा म्हणजे कळेल. पण बसणं काही कमी झालं नाही.

आता इंजिनिअरला काय सुचणार? मी त्याला मोबाइलवर वेळापत्रक करून दिलं. दर पन्नास मिनिटांनी घंटा, उतरायचं, पाच मिनिटं चालायचं. चार दिवसांनी त्याचा फोन. “ताई, तुझी घंटा चंदनापुरी घाटात वाजली.”

मग मी शहाणपण बाजूला ठेवलं आणि तो व त्याची बायको यांच्यासोबत केबिनमध्ये बसून संगमनेरपर्यंत गेले. वहीत टिपत होते. भरलेला ट्रक वाटेल तिथे थांबत नाही. रस्त्याच्या कडेला रात्री उभी केलेली गाडी म्हणजे मागून येणाऱ्याचं मरण. शिवाय डिझेल चोरीला जातं, मालावर डोळा असतो. लघवीला थांबावं लागू नये म्हणून तो पाणी पीत नव्हता, आणि झोप येऊ नये म्हणून चहा पीत होता. नारायणगावला माल भरताना दोन, आळेफाट्याला एक, घारगावला एक, संगमनेरला एक. पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. रिपोर्ट ९.२ का, याचं उत्तर माझ्या वहीत होतं.

व्यायामासाठी त्याच्याकडे वेगळा वेळ नव्हता, म्हणून आम्ही तो शोधणंच सोडलं. थांबावं लागतंच अशा जागा धरल्या. डिझेल भरताना, टायर ठोकून बघताना, दोर आवळताना गाडीभोवती एकाऐवजी पाच फेऱ्या. दिल्लीला गाडी खाली व्हायला कधी कधी अर्धा दिवस जातो. तेव्हा पूर्वी तो गाडीखाली सतरंजी टाकून मोबाइल बघायचा. आता आधी झोप काढतो आणि मग मार्केटच्या आवारात तासभर चालतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते, ती त्याची एका खेपेत बऱ्यापैकी भरतात. केबिनमधून उडी मारायची नाही, तोंड आत करून दांडा धरून उतरायचं. गुडघे त्यानेच गेले होते. पाकीट मागच्या खिशात ठेवून बसायचं नाही. हे ऐकून तो हसला होता, पण डाव्या पायाची कळ महिन्याभरात कमी झाली. पहिल्या दिवशी घरची भाकरी, पुढे ढाब्यावर डाळ-रोटी, वरचं बटर बंद. बिनसाखरेचा चहा मागितला की ढाबेवाला हमखास विचारतो, “शुगर झाली का?” त्याची त्याला लाज वाटायची. आता तो म्हणतो, “झाली, तुम्हीही तपासून घ्या.”

एक गोष्ट मात्र इथल्या सातही जणांनी लक्षात ठेवा. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की मी ट्रक चालवतो. साखरेच्या काही गोळ्यांनी, जेवण चुकलं तर, साखर एकदम उतरते, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. घरी बसलेल्या माणसाला ते निभावतं. तुमच्या मागे दहा-पंधरा टन माल असतो.

राहिली झोप. ती त्याच्या हातात नव्हती, आणि हे सांगताना मला थोडी लाज वाटते. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास काम लिहिलेलं होतं. आपल्याकडे हे कोण पाळतं? आमच्या घरचा टोमॅटो त्याच्याच गाडीत जातो. पहाटेचा लिलाव चुकला तर क्रेटमागे भाव पडतो, म्हणून माझा दादा रात्री दोनला त्याला फोन करतो, “कुठं पोचलास?” गेल्या वर्षी जुलैत दादा आजारी होता, तेव्हा तो फोन मी केला. तीन वेळा. तिसऱ्यांदा त्याने उचलला नाही आणि मी चिडले. नंतर कळलं, इंदूरच्या अलीकडे त्याचा क्षणभर डोळा लागला होता, गाडी पांढऱ्या पट्टीबाहेर गेली, खडखडाटाने जाग आली. तो टोलनाक्यापाशी गाडी लावून झोपला होता. त्याला मी दर पन्नास मिनिटांनी पाय मोकळे करायला सांगत होते आणि रात्री दोनला जागं ठेवत होते.

इथे शेतकरी आहेत, व्यापारी आहेत, दोघा-तिघांच्या स्वतःच्या गाड्या आहेत. माझं तुमच्याकडे मागणं एवढंच, पोचायची वेळ ठरवताना त्यात सहा तास झोप धरा आणि त्या सहा तासांत फोन करू नका. दादाशी यावरून माझं भांडण झालं. तो म्हणाला, “बाजार थांबत नसतो.” त्याचंही खोटं नाही. २०२३ च्या जुलैत वीस किलोचा क्रेट दोन हजारांच्या वर गेलेला आपण पाहिला आहे, आणि रस्त्यावर ओतलेला टोमॅटोही पाहिला आहे. शेवटी आमच्यात तोडगा निघाला तो असा, की माल दोन तास आधी भरायचा. तोडणीला माणसं लवकर लावावी लागतात, दादा कुरकुरतो, पण लावतो.

आपल्या मित्राचा ताजा रिपोर्ट ७.४ आहे. माझा अजून ६.३ च आहे, कारण दुसऱ्याला चालायला सांगणं सोपं असतं.

तो आज इथे नाही. काल संध्याकाळी नारायणगावला माल भरून निघाला. सकाळी शाळेच्या फाटकातून आत येताना त्याचा मेसेज आला, शिरपूरहून. “झोपून उठलो. आता निघतो. दादाला सांग.”