पहिलीचं टाचण

जून 2025 पासून महाराष्ट्रात पहिलीला नव्या राष्ट्रीय आराखड्यावर बेतलेला अभ्यासक्रम आला. खेळातून शिकवा, घरच्या बोलीला जागा द्या, असं तो सांगतो. मी बुलढाणा जिल्ह्यात पहिलीला शिकवते. ‘माझं घर’ या विषयाचं टाचण काढताना आधी प्रश्न लिहिते : पाणी कोण भरतं? मुलं वऱ्हाडीत सांगतात, ‘माय भरते.’ मग भातुकलीत भाकरी, झाडू, घागर पोरांच्याही हाती देते. कपाशीच्या वेचणीत धाकट्याला सांभाळायला पोरगीच घरी राहते. तिला म्हणते, त्याला घेऊनच ये. याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी 1882 मध्ये ‘स्त्रीपुरुष तुलना’ प्रसिद्ध केली. ते प्रश्न आता पहिलीतच विचारायला हवेत. तुम्हीही गावातल्या शाळेत जा, बाईंना टाचण दाखवायला सांगा.